जामखेडला मामाचा पाय करून आणला : आरोळे डॉक्टरांच्या दवाखान्याचा आमचा अनुभव

मामाला चालताना बघून गेल्या दोन महिन्यांत नात्यातल्या आणि गावातल्या निदान पंधरा-वीस जणांनी फोन करून विचारलं असेल की पाय कुठे बसवला, किती दिवस लागले, म्हाताऱ्या माणसाला जमतं का, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढावं. लांबण लागणार आहे कारण मला नुसतं पायाबद्दल नाही लिहायचं, तो दवाखाना ज्यांनी उभा केला त्या आरोळे डॉक्टर पतीपत्नींबद्दलपण लिहायचंय.

आधी मामाचं सांगतो. मामा एकसष्ट वर्षांचा, आष्टी तालुक्यातलं आमचं आजोळ, ज्वारी, थोडी तूर, तीन गाया. शुगर बारा वर्षांपासून आहे. गेल्या वर्षी बाभळीचा काटा तळपायात गेला आणि ते त्याला कळलंच नाही, कारण शुगरने पायाची जाणीवच गेलेली असते हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी वास यायला लागला तेव्हा मामीने बघितलं. मग तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, तिथून शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात. नाव घेत नाही. तिथे गुडघ्याखाली पाय काढावा लागला, तेव्हा तो काढणं गरजेचं होतं हे मला आता पटतं, पण का काढतोय, पुढे काय करायचं, दुसऱ्या पायाची काळजी कशी घ्यायची हे समजावून सांगायला कुणाकडे पाच मिनिटं नव्हती. फायनल बिल, गोळ्यांची चिठ्ठी आणि व्हीलचेअर गेटपर्यंत, बस. मामीने घरी आल्यावर मला विचारलं की आता ह्यांचं काय करायचं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्या हॉस्पिटलातलीच सांगायची आहे. रात्रपाळीला केरळची एक सिस्टर होती, तिचं मराठी तोडकंमोडकं, पण वॉर्डात मामाशेजारी स्टूल ओढून बसणारी ती एकटी. मामा रात्री रडायचा, ते आम्हाला तिच्याकडूनच कळलं. ड्युटी संपली की ती खिडकीपाशी दोन मिनिटं डोळे मिटून उभी राहायची, हातात जपमाळ असायची, मामाच्या गळ्यात तुळशीची माळ, तर मामा तिला म्हणायचा की सिस्टर तुमची माळ आणि माझी माळ एकच काम करते. तिनेच डिस्चार्जच्या आदल्या रात्री मामीला बसवून क्रेप बँडेज कसं गुंडाळायचं ते शिकवलं, खालून घट्ट आणि वर सैल, आठाच्या आकड्यासारखं, रोज, न चुकता, म्हणजे राहिलेल्या पायाला नीट निमुळता आकार येतो आणि पुढे कृत्रिम पाय बसवता येतो. मामीने ते सात महिने रोज केलं. त्याचा उपयोग काय झाला ते पुढे येईलच.

त्या सात महिन्यांत मामा खाटेवरून उठला नाही म्हटलं तरी चालेल. कुबड्या होत्या, पण ओसरीच्या पुढे जायचा नाही. संडासाचा प्रश्न मोठा, गावाकडे बसायची पद्धत वेगळी, एका पायावर उकिडवं बसणार कसं, सगळं मामीच्या हातावर. भाच्याच्या लग्नाला आला नाही, म्हणाला पंगतीत मांडी घालता येत नाही तर कशाला येऊ. हे वाक्य आईला फार लागलं.

मग गावातल्याच एका म्हातारीने आईला सांगितलं, "अगं आरोळ्यांकडं न्या की जामखेडला, तिथं पाय करत्यात." आणि आम्ही पुण्यात गुगल करत बसलेलो, आजोळापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर पाय बनतात हे माहीतच नाही.

जायचं कसं ते पटकन सांगतो. नगरहून (आता अहिल्यानगर) आष्टीमार्गे जामखेड साधारण पंचाहत्तर किलोमीटर आहे, एसटी भरपूर. पुण्याहून नगरमार्गे स्वतःच्या गाडीने चारेक तास धरा. नगर ते आष्टी रेल्वे २०२२ ला सुरू झाली आहे पण पेशंट घेऊन गाडी बदलत बसण्यापेक्षा रस्त्यानेच बरं पडतं. जामखेडात उतरल्यावर सीआरएचपी (संस्थेचं इंग्रजी नाव, कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट) असं म्हटलं तर चार जण विचारात पडतील, आरोळे हॉस्पिटल म्हणा, रिक्षावाला सरळ नेऊन सोडतो. जाण्याआधी फोन करून पायाच्या वर्कशॉपचं विचारून घ्या, जुने रिपोर्ट आणि शुगरची फाइल सोबत ठेवा, आणि तीन-चार दिवस हाताशी ठेवूनच जा. आम्ही आष्टीला मावशीकडे मुक्काम केला.

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं लगेच पायाचं माप घेतील. तसं झालं नाही. आधी डॉक्टरांनी शुगर तपासली, बीपी बघितलं, मग मामाचा चांगला पाय मांडीवर घेतल्यासारखा जवळ घेऊन बोटाबोटांच्या मधे बघितलं, टाचेच्या भेगा बघितल्या, डोळे मिटायला लावून कुठे स्पर्श कळतो कुठे नाही ते विचारलं. मामाला आणि मामीला दोघांना समोर बसवून सांगितलं की हा पाय वाचवायचा आहे, रोज रात्री झोपताना तळवा बघायचा, स्वतःला वाकून दिसत नसेल तर खाली आरसा ठेवून बघायचा, अनवाणी फिरायचं नाही, गरम पाण्याचा अंदाज पायाने घ्यायचा नाही, हाताच्या कोपराने घ्यायचा. बारा वर्षांच्या शुगरमध्ये हे आम्हाला पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं. काटा जायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

मग राहिलेला पाय बघितला आणि विचारलं की बँडेज कुणी बांधलं. मामी घाबरली, तिला वाटलं चुकलं. तर म्हणाले, फार छान बांधलंय, आकार एकदम बरोबर आलाय, आता थांबायची गरज नाही, उद्याच साचा घेऊ. मामी तिथेच पदराने डोळे पुसायला लागली. त्या केरळच्या सिस्टरचा नंबर आमच्याकडे नाही, असता तर मी त्याच क्षणी फोन लावला असता.

वर्कशॉपमधली माणसं इथलीच, बोली अगदी आमच्यासारखी. कारागिराने मामाला पहिला प्रश्न काय विचारावा, "बाबा, दारं धरायला जाता का रात्रीचं?" म्हणजे शेताला पाणी द्यायला. मामा सात महिन्यांत पहिल्यांदा सलग दहा मिनिटं बोलला असेल, विहीर कुठे, वाफे किती, चिखल किती होतो, गाई कुठे बांधतो, परसाकडे कुठे जातो, सगळं. तो माणूस शांतपणे ऐकून घेत होता आणि नंतर मला कळलं की त्याला हे सगळं पाय बनवायलाच हवं होतं. तिथे करतात तो जयपूर फूट. हा पाय १९६८ मध्ये जयपूरला तयार झाला, डॉ. सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर, दोघांनी मिळून, आणि तो आपल्याच लोकांसाठी केलेला आहे, म्हणजे रबराचं पाऊल, त्यात बूट घालायची सक्ती नाही, चिखलात चालतो, ओला झाला तरी हरकत नाही, मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं. बाहेरच्या देशातले पाय खुर्चीवर बसणाऱ्या आणि बूट घालणाऱ्या माणसासाठी केलेले असतात. मामाला त्याचा काय उपयोग.

प्रोसेस सांगतो, म्हणजे ज्यांना जायचंय त्यांना अंदाज येईल. पहिल्यांदा राहिलेल्या पायावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतात, तो सुकला की काढून आत प्लास्टर ओततात म्हणजे हुबेहूब पायाचा ठोकळा तयार होतो. मग तो ठोकळा कानशीने घासून, जिथे हाड टोचेल तिथे जागा ठेवून नीट करतात. त्यावर जाड प्लास्टिकचा पाइप भट्टीत तापवून मऊ करून चढवतात, तो गार झाला की तयार झाली नळी, तिला खाली रबराचं पाऊल आणि वर पट्टा. दुसऱ्या दिवशी मामाला घालून बघितलं, एका ठिकाणी रुतत होतं, परत काढलं, परत गरम केलं, परत घासलं. घाई नाही. तीनदा काढघाल झाली आणि तीनही वेळा त्यांनी मामाला विचारलं की कुठे बोचतं, खरं सांगा, चांगलं आहे म्हणून सांगू नका.

तिसऱ्या दिवशी दोन बाजूंच्या लोखंडी दांड्यांना धरून उभं केलं. मामाने दांड्या इतक्या घट्ट धरल्या होत्या की हाताच्या शिरा वर आल्या. पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, मग थांबला. मामी दाराशी उभी होती, तिच्याकडे बघून म्हणाला, "उंची तेवढीच हाय गं अजून." एवढंच बोलला. संध्याकाळपर्यंत एक हात सोडून चालला. आणि जायच्या आधी त्या कारागिराने सतरंजी टाकून त्याला मांडी घालून बसायला लावलं, उकिडवं बसून उठायला लावलं, दोनदा तोल गेला, तिसऱ्यांदा जमलं.

बिल आलं ते मामीने दोनदा विचारून घेतलं, एवढंच का म्हणून. आकडा लिहीत नाही कारण प्रत्येकाचं वेगळं असेल आणि मला कुणाची दिशाभूल करायची नाही.

आता मधल्या वेळातलं. साचा सुकायची वाट बघत मी आवारात फिरत होतो, त्या दिवशी आसपासच्या गावांतल्या आरोग्यसेविका आलेल्या होत्या. त्यातल्या एक आजी, सत्तरीच्या पुढच्या असतील, नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, झाडाखाली बसल्या होत्या, मी नमस्कार केला तर म्हणाल्या, "बस लेकरा, कुणाला आणलंय?" आणि मग तासभर कसा गेला कळलं नाही.

त्या म्हणाल्या की त्यांना लिहायला-वाचायला येत नव्हतं, अजूनही सही सोडून फार येत नाही. गावाने निवडून पाठवलं होतं. "तवा मी मालकाला इचारल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय टाकत नव्हते, आन् डॉक्टर म्हणत्यात तू गावाची डॉक्टर व्हनार. मी रडत घरी गेले." प्रशिक्षणाला जामखेडला येऊन रात्री मुक्काम करायचा असायचा, वेगवेगळ्या जातीच्या बायका, कुणी कुणाच्या शेजारी झोपायला तयार नाही, तर अंगावर घ्यायला सगळ्यांत मिळून एक मोठी गोधडी. थंडीचे दिवस. "थंडीनं जात घालवली बघ," असं आजी म्हणाल्या. आणि एकदा दोन एक्स-रे समोर धरून विचारलं होतं की ह्यातली वरच्या जातीची छाती कुठली आणि खालच्या जातीची कुठली ते सांगा. कुणालाच सांगता आलं नाही.

शिकवलं काय? पोराला हगवण लागली की पाणी बंद करायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं. बाळंतपणाला नवीन ब्लेड, उकळलेला दोरा, साबणाने धुतलेले हात. बाळाला पहिला चीक पाजायचा, तो फेकून द्यायचा नाही. पोटुशी बाईने पोटभर खायचं, कारण तेव्हा समजूत अशी की जास्त खाल्लं तर मूल मोठं होतं आणि अडतं. अंगावरचा चट्टा सुन्न असेल तर तो कुष्ठरोग असू शकतो, लपवायचा नाही, गोळ्यांनी बरा होतो. पोर वाळत चाललं तर तो देवीचा कोप नसून उपासमार आहे. आजी हे सगळं बोटं मोजत सांगत होत्या आणि मला सारखं वाटत होतं की ह्यातल्या एकाही गोष्टीला एमबीबीएस लागत नाही, फक्त कुणीतरी सांगावं लागतं आणि ज्याने सांगायचं तो माणूस घरातला वाटावा लागतो.

नेमकं हेच डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांना पन्नास वर्षांपूर्वी उमगलं होतं. दोघे तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. लग्न १९६० चं. लग्नाच्या दिवशीच दोघांनी देवापुढे गुडघे टेकून ठरवलं होतं की आपलं आयुष्य खेड्यातल्या, ज्यांना कुणी विचारत नाही अशा लोकांसाठी. असं ठरवणारे पुष्कळ असतात, पण ह्यांनी ते पुढची चाळीस-पन्नास वर्षं पाळलं. आधी नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काम केलं, तिथे रांगा लागायच्या, हॉस्पिटल नावारूपाला आलं, पण त्यांच्या लक्षात आलं की तेच लोक तेच आजार घेऊन परत येतायत, आणि त्यातले बहुतेक आजार मुळात व्हायलाच नको होते. दुसऱ्या कुणी हॉस्पिटल अजून मोठं केलं असतं. हे दोघे उलट अमेरिकेला शिकायला गेले, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला, तिथे राहता आलं असतं तरी परत आले, आणि १९७० मध्ये जामखेडला एका जुन्या पडक्या गुरांच्या दवाखान्यात काम सुरू केलं.

जामखेड का, तर तिथे काहीच नव्हतं म्हणून. त्या भागात तेव्हा जन्मलेल्या हजार मुलांमागे १७६ मुलं वर्षाच्या आत जायची. हजारात १७६, म्हणजे जवळजवळ सहातलं एक. माझ्या आजीची दोन गेली होती, ती नावं घरात कधी घेतली जात नाहीत. पुढे वीसेक वर्षांत प्रकल्पाच्या गावांत हा आकडा विसाच्या आसपास आला. मी हा आकडा आईला सांगितला तेव्हा ती काही बोलली नाही, उठून देवघरात गेली.

सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सेसना गावात ठेवून बघितलं. जमलं नाही. बाहेरची एकटी मुलगी गावात राहायला घाबरायची आणि गावालाही ती परकी वाटायची. मग गावातल्याच माणसाने सुचवलं की आमच्यातलीच एखादी बाई का नाही शिकवत. आणि हे दोघे परदेशातून डिग्री आणलेले डॉक्टर एका खेडुताचं ऐकायला तयार झाले. मला ह्या सगळ्या गोष्टीत सगळ्यात मोठं हेच वाटतं. आपण जे शिकलो, ज्याच्यावर आपली किंमत ठरते, ते उचलून एका निरक्षर बाईच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं की आता आमच्याशिवाय तुझं चाललं पाहिजे. माणसाला आपली गरज वाटत राहावी असं प्रत्येकाला वाटतं, डॉक्टरला तर फारच, ह्यांनी स्वतःची गरज कमी करत नेली. माझ्या मते त्यांची श्रद्धा शोधायची तर ती ह्यात शोधावी.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा औषधाचं नावसुद्धा काढण्यात अर्थ नव्हता, लोकांना पाणी आणि अन्न हवं होतं, तर ह्यांनी मुलांना जेवू घालायला सुरुवात केली आणि बोअर पाडून हातपंप बसवले. हातपंपाची गोष्ट आजींनी हसत हसत सांगितली. पंप दलित वस्तीत बसतील असं बघितलं, पाणी तिथेच लागतंय म्हणून. मग सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथेच जावं लागलं. भाषण नाही, मोर्चा नाही, घागर घेऊन रांगेत उभं राहिलं की झालं. तसंच गावातल्या पुरुषांना एकत्र आणायचं तर संध्याकाळी व्हॉलीबॉल. खेळ झाला की तिथेच बसून गावाच्या गप्पा, त्यातून शेतकरी मंडळं झाली, तिकडे बायकांची महिला मंडळं झाली.

बाहेरच्या जगाने दखल घेतली. १९७८ मध्ये अल्माअताला (तेव्हाच्या सोव्हिएत संघातलं शहर, आता कझाकस्तानात) सगळ्या देशांनी मिळून प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला, त्याच्या आधी जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातले जे मोजके प्रयोग अभ्यासले त्यात जामखेड होतं. १९७९ ला मॅगसेसे, १९९० ला रजनीकांत सरांना पद्मभूषण. मेबलबाई १९९९ मध्ये गेल्या, सर २०११ मध्ये. आता काम त्यांची मुलगी डॉ. शोभा आरोळे आणि मुलगा रवी आरोळे पुढे नेतायत. २००५ नंतर गावोगावी आशाताई दिसायला लागल्या, त्याची कल्पना हवेतून आली नाही, जामखेडच्या बायकांनी ते पस्तीस वर्षं आधी करून दाखवलं होतं.

आजींनी मुक्ताबाई पोळ यांची गोष्ट सांगितली ती तर माझ्या मनातून जातच नाही. मुक्ताबाई पण अशाच आरोग्यसेविका. १९८८ मध्ये वॉशिंग्टनला एका मोठ्या आरोग्य परिषदेत त्या बोलल्या, समोर सगळी मोठमोठी माणसं. त्यांनी छताला लावलेल्या झुंबरांकडे बोट केलं आणि साधारण असं म्हणाल्या की ही झुंबरं फार सुंदर आहेत, पण ती बघायला हजारो मैल लांब यावं लागतं, डॉक्टर लोक अशा झुंबरांसारखे आहेत, महाग आणि आमच्या हाताला न लागणारे. मग पिशवीतून दोन दिवे काढले. एक लावला, त्याच्यावर दुसरा लावला. म्हणाल्या, झुंबराला हे जमत नाही, मी ह्या दिव्यासारखी आहे. सभागृह उठून उभं राहिलं म्हणे. आजी हे सांगताना हातानेच दिव्यावर दिवा लावून दाखवत होत्या.

वेल्लोरचं पण दोन ओळीत सांगतो, कारण ह्या सगळ्याची मुळं तिथे आहेत. आयडा स्कडर ही मिशनरी डॉक्टरची मुलगी, तिला भारतात राहायचंच नव्हतं. एका रात्री तीन वेगवेगळी माणसं येऊन म्हणाली की बायको अडलीय, तुम्ही चला. ती म्हणाली मी डॉक्टर नाही, वडिलांना पाठवते. त्यांना पुरुष डॉक्टर चालणार नव्हता. सकाळपर्यंत तिघी गेल्या. ती अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली, १९०० मध्ये परत येऊन वेल्लोरला एका खाटेवर दवाखाना सुरू केला, १९१८ मध्ये मुलींसाठी मेडिकलचं शिक्षण सुरू केलं. त्याच कॉलेजात पुढे आरोळे पतीपत्नी शिकले, त्यांनी जामखेडच्या बायका शिकवल्या, आणि त्यांच्याच आवारात माझा मामा उभा राहिला. तीन बायका एका रात्रीत गेल्या नसत्या तर कदाचित हे काहीच झालं नसतं, हा विचार केला की अंगावर काटा येतो.

आणि आपल्याकडे हे काही एकच नाव नाही. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उघडलं, आज सांगली-मिरजेत वानलेसवाडी म्हणताना किती जणांना माहीत असतं की हे एका कॅनडाच्या डॉक्टरचं नाव आहे. मिरज हे डॉक्टरांचं गाव झालं त्याची सुरुवात तिथली. वाई, जालना, वडाळा, नगर, सगळीकडे मिशन हॉस्पिटल हा शब्द आपल्या आधीच्या पिढीच्या तोंडात आहे, अमका कुठे झाला तर मिशनमध्ये झाला. माझी आई पण.

एक मुद्दा उघड बोलतो कारण फोनवर दोन जणांनी दबक्या आवाजात विचारला. धर्माचं काही बोलतात का तिथे? मामा माळकरी आहे, दर वर्षी वारी करतो, गेल्या वर्षी चुकली तेवढीच. तीन दिवसांत कुणी त्याच्या माळेबद्दल एक शब्द काढला नाही. मी आजींनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "मेबलबाई त्यांची प्रार्थना करायच्या, आम्ही आमचं हरिपाठ म्हणायचो. आमच्या देवाकडं या असं कधी म्हणल्या न्हाईत. पण पोर आजारी असलं की रात्री कंदील घेऊन यायच्या." ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी कृपा करून एकदा जाऊन बघावं आणि मग बोलावं, कारण आयुष्यभर केलेल्या कामावर घरबसल्या संशय घेणं मला अन्यायाचं वाटतं.

कुणासाठी आहे, कुणासाठी नाही, ते पण सांगायला हवं. चकाचक लॉबी, एसी रूम हवी असेल तर हे ठिकाण तुमच्यासाठी नाही. हृदयाचं मोठं ऑपरेशन असेल तर तुम्ही पुण्यालाच जाणार. एका दिवसात उरकून परत निघायचं असेल तरी जाऊ नका, पेशंटला सरावाला वेळ लागतो आणि तो द्यायलाच हवा. पण गावाकडचा माणूस असेल, पाय गेलाय, शेती करायची आहे, परवडणारं हवं आहे आणि कुणीतरी समोर बसून समजावून सांगणारं हवं आहे, तर दुसरीकडे फिरत बसू नका. आरोग्याचं शिकणारी, नर्सिंगची, समाजकार्याची मुलं घरात असतील तर त्यांना पेशंट नसतानाही न्या, परवानगी घेऊन, आणि जमलं तर एखाद्या जुन्या सेविकेशेजारी तासभर बसवा. परत येताना वेळ असेल तर चौंडीला अहिल्यादेवींचं जन्मगाव जामखेड तालुक्यातच आहे आणि खर्ड्याचा किल्लाही. आम्ही मामाला चौंडीला नेलं, पायऱ्या हळूहळू एकट्याने चढला.

स्टार द्यायचे तर पाचपैकी पाच, आणि त्यात त्या केरळच्या सिस्टरचा पण वाटा आहे जिने बँडेज शिकवलं, कारण तिने ते शिकवलं नसतं तर जामखेडलाही आधी महिना-दीड महिना नुसता पायाला आकार आणण्यात गेला असता.

मामा आता सकाळी गाईंचं स्वतः बघतो. दारं धरायला रात्रीचं मामी जाऊ देत नाही, दिवसा जातो. रोज रात्री आरसा खाली ठेवून दुसरा पाय बघतो, नातीला बॅटरी धरायला लावतो, आणि ती पण आता सांगते की आजोबा इथे लाल झालंय. दिवाळीत चुलत भावाच्या घरी पंगत होती, मामा सगळ्यांच्या आधी जाऊन ओळीत मांडी घालून बसला होता. पायाचा पट्टा थोडा सैल पडलाय, तो बदलून घ्यायला जायचंय, मी म्हटलं या रविवारी सुट्टी आहे, जाऊ, तर म्हणाला थांब, ज्वारी हुरड्यात येऊ दे, त्या वर्कशॉपच्या पोरांना हुरडा न्यायचाय आणि त्या झाडाखालच्या म्हातारीला पण.